पाळणाघराच्या दाराशी चपला काढायला लावा: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: दोन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांत बाहेरची पादत्राणे बंद करण्याबाबत

मा. मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

मी कोथरूडला बावीस वर्षे घरगुती पाळणाघर चालवले. दोन खोल्या, पुढे लहानशी गॅलरी आणि एका वेळी जास्तीत जास्त नऊ मुले. गुडघ्यांनी नाही म्हटले तेव्हा बंद केले. आता माझी नात आठ महिन्यांची आहे आणि शहराच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या पाळणाघरात जाते. सुनेला उशीर होणार असेल त्या दिवशी तिला आणायला मी जाते.

मागच्या आठवड्यात गेले तेव्हा ती मला बघून रांगत दाराकडे यायला निघाली. तेवढ्यात एक गृहस्थ बूट घालूनच आत आले, आपल्या मुलाची पिशवी घेतली, ताईंशी दोन मिनिटे बोलले आणि गेले. बाहेर रस्ता खोदलेला आहे. त्यांच्या बुटाच्या खाचेतला ओल्या मातीचा एक खडा लादीवर पडला होता. नातीने तो चिमटीत उचलला. या वयात चिमूट नुकती जमायला लागलेली असते आणि चिमटीत आलेली प्रत्येक गोष्ट तोंडात जाते. मी वाकेपर्यंत खडा तोंडात गेला होता. बोट घालून काढला.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. दाराशी ना पाटी होती, ना चपलांचे कपाट. मी तिथल्या ताईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “काकू, आम्हाला पटतं हो. पण पालकांना कसं सांगणार? नियमात कुठे आहे?” म्हणून हे पत्र तुम्हाला.

पाळणाघराची सोय ज्या कायद्याने मिळाली, तिथूनच सुरुवात करते. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. माझ्यासारख्या बाईला या निर्णयाचे मोल कोणी सांगायला नको. बाळ सहा आठवड्यांचे असताना रडत रडत कामावर जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. पण हिशेब करून बघा. रजेतले आठ आठवडेपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर परत जाते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचे असते. पालथे पडायला लागलेले, महिन्या-दोन महिन्यांत पोटावर सरकणारे, मग रांगणारे. आयुष्यात ज्या काळात माणूस जमिनीच्या सगळ्यात जवळ असतो, नेमक्या त्या काळात आपण त्याला पाळणाघरात सोडतो. त्याच कायद्याने आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा दिली आहे. फार चांगली मुभा आहे. पण दहा आया असतील तर दिवसाला चाळीस खेपा, आणि त्या खेपांबरोबर रस्ता आत येतो.

त्या रस्त्यावर काय असते हे पुणेकराला सांगायला नको. पिचकाऱ्या, कुत्र्यांची घाण, तुंबलेल्या चेंबरचे पाणी. पण न दिसणाऱ्या दोन गोष्टी मला मुद्दाम लिहायच्या आहेत.

पहिली, जंत. गोल जंताची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, दमट मातीत काही आठवड्यांत रोग देण्याजोगी होतात आणि पुढे वर्षानुवर्षे टिकू शकतात. त्यांना घरात यायला मातीचा एक कण पुरतो. १० फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतो, अंगणवाडीत आणि शाळेत गोळी देतो. ती गोळी एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना असते. एक वर्षाखालच्या बाळासाठी त्या दिवशी काहीच नसते. त्याला जपायचे तर जमीन जपण्यावाचून दुसरा उपाय आपल्या हातात नाही.

दुसरी, शिसे. शिसे घातलेले पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले. शिसे कुजत नाही. धुरातून खाली बसलेले शिसे रस्त्याकडेच्या मातीत राहून जाते. घरांच्या रंगांत शिसे दशलक्ष भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाच्या भिंती, दारे, खिडक्यांचे गज आज आमच्या कोथरूडमध्ये पुनर्विकासासाठी गल्लोगल्ली फुटताहेत. ती धूळ पायांना लागते. शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे अंगात शोषून घेते आणि त्याचा घाला वाढत्या मेंदूवर पडतो. त्याला ताप येत नाही, पुरळ येत नाही, आईला काही कळत नाही.

फिनेलने पुसतोच की आम्ही, असे मला ऐकवले गेले. मीही बावीस वर्षे फरशी पुसली आहे. दुपारी मुले झोपली की एकदा, संध्याकाळी एकदा. सकाळी साडेनऊला बूट आत आला तर दुपारच्या फडक्यापर्यंत बाळाने ती जागा हातांनी, गुडघ्यांनी आणि जिभेने पुसलेली असते. शिवाय फिनेलने शिसे मरत नाही.

यात मला सगळ्यात खुपते ते वेगळेच आहे. घरी आपण हे सगळे न सांगता करतो. पाहुणा कितीही मोठा असो, उंबऱ्याशी चपला काढतो. माझ्या लहानपणी वाड्यात दाराशी पाण्याची बादली असायची, पाय धुतल्याशिवाय आजी आत घेत नसे. मी पाहिलेल्या वस्त्यांमधल्या अंगणवाड्यांत आजही दाराबाहेर इवल्या चपलांची रांग असते. सेविकाताईंना त्यासाठी कोणाचे परिपत्रक लागले नाही. आणि जिथे महिन्याला घसघशीत फी आहे, कॅमेरे आहेत, रंगीत गाद्या आहेत, तिथे बूट सरळ आत. काच लावली, एसी लावला की जागा ऑफिससारखी दिसायला लागते, आणि ऑफिसात कोणी चपला काढत नाही. जपानमध्ये शाळेच्या दाराशीच मुले बाहेरचे बूट काढून आतले घालतात, त्यासाठी प्रत्येकाचा कप्पा असतो. म्हणजे आधुनिक दिसणे आणि चपला काढणे यांचे काही वाकडे नाही.

मला मातीचे वावडे आहे असे कृपा करून समजू नका. माझ्याकडची मुले गॅलरीतल्या कुंड्या उकरत मोठी झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिक्षण थेट पाड्यांच्या अंगणात नेले. अंगणवाडी या शब्दातच अंगण आहे. मुलाने अंगणात अनवाणी खेळावे, नुकते पाऊल टाकायला शिकणाऱ्याने तर अनवाणीच चालावे, तळव्याला जमीन कळली की तोल लवकर सावरतो. पण खेळायची माती मोठ्या माणसाने निवडलेली असते आणि खेळून झाल्यावर हात धुतले जातात. बुटाबरोबर आलेली माती कोणी निवडत नाही आणि ती आली हे कोणाला कळतही नाही.

आता मावशींबद्दल. ‘सगळ्यांनी चपला बाहेर काढाव्यात’ एवढीच ओळ लिहून परिपत्रक निघाले तर मी स्वतः त्याला विरोध करेन. माझ्याकडे मदतीला एक मावशी होत्या. पहिल्या वर्षी मीही त्यांना अनवाणी वावरायला सांगितले. डिसेंबरात पुण्याची शहाबादी फरशी सकाळी कशी असते ते तिच्यावर दिवसभर उभे राहणाऱ्यालाच कळते. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या, पुढे टाच टेकवेना, आणि तरी त्या काही बोलल्या नाहीत, कारण काम गेले असते. मला ते उशिरा दिसले, त्याची आजही लाज वाटते. मग फक्त घरात घालायच्या चपला आणल्या. मधुमेह असलेल्या बाईला तर अनवाणी ठेवणे धोक्याचेच. म्हणून आत वापरायच्या चपला संस्थेने आपल्या खर्चाने द्याव्यात. तळ न घसरणारा, मागे पट्टा असलेला. कडेवर बाळ घेऊन जिना उतरायची वेळ आली तर पायातून निसटायला नकोत. वर्षाला दोन जोड पुरतात. मावशींच्या पगारातून त्याचा एक रुपयाही कापला जाऊ नये, हे परिपत्रकात स्पष्ट लिहिलेले हवे.

बाकीच्या अडचणी लहान आहेत. चपला चोरीला जातात, तर कपाट आत, दाराला लागून ठेवा. बूट काढायला वाकता येत नाही अशा आजी-आजोबांसाठी एक स्टूल ठेवा. पायाला आधाराचे बूट लागणाऱ्या पालकांकडे बाळ दाराशी आणून द्या. सकाळी घाई असते हे खरे, पण मग आत जायचेच कशाला? दाराशी बाळ मावशींच्या हातात द्यावे. निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बुटांवर चढवायची पद्धत काही ठिकाणी पाहिली. त्याच पिशव्या टोपलीतून परत वापरतात, आतून-बाहेरून सारख्याच मळलेल्या, आणि लादीवर पाय घसरतो तो वेगळा. त्या नकोत.

आणखी एक, हे लिहायला थोडे जड जाते. पाळणाघर बघायला अधिकारी येतात, उद्‍घाटनाला मान्यवर येतात, आणि त्यांच्यासमोर ‘साहेब, बूट’ म्हणायची हिंमत कोणत्याही सेविकेला होत नाही. दारावरच्या पाटीवर ‘पालक, कर्मचारी, अधिकारी व पाहुणे’ असे चारही शब्द असावेत. तुम्ही स्वतः एखाद्या पाळणाघराच्या दाराशी चपला काढल्यात तर ते छायाचित्र राज्यभरातल्या सेविकांच्या फोनवर पोचेल आणि पुढच्या साहेबांना सांगणे त्यांना सोपे जाईल.

आपल्या खात्याचे आयुक्तालय पुण्यातच आहे. माझी विनंती एका पानाच्या परिपत्रकाची आहे. ते सरकारी, खासगी, कंपनीच्या, सगळ्या पाळणाघरांना लागू असावे. दोन वर्षांखालची मुले जिथे जमिनीवर असतात त्या खोलीत बाहेरचे पादत्राण नको, दाराशी कपाट आणि स्टूल, मावशींना आतल्या चपला संस्थेकडून, आणि तपासणीच्या नमुन्यात या गोष्टीसाठी एक रकाना. मसुदा करताना पाळणाघर चालवलेल्या बाईशी बोलावेसे वाटले तर मी सांगाल त्या दिवशी येईन.

पुण्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो. तोवर नात उभी राहायला लागेल, पण हात जमिनीवर टेकतच असतील. परिपत्रक त्याआधी निघावे.

आपली नम्र,
पाळणाघर चालवलेली एक आजी
कोथरूड, पुणे