चक्कर व तोल तपासणी कक्षासाठी मंडळाचे नम्र आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाचे बडोद्याच्या दांडिया बाजारातील फिजिओथेरपी केंद्र कसे उभे राहिले हे बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. तरीही ज्यांच्या औदार्यावर ते उभे राहिले त्यांचे स्मरण प्रथम करणे हे कार्यवाह या नात्याने मी माझे कर्तव्य समजतो. रावपुऱ्यातील आजींनी यजमानांच्या वर्षश्राद्धाचा खर्च आटोपता ठेवून चालण्याच्या सरावाचे पॅरलल बार दिले. बाबाजीपुऱ्यातील काकांनी निवृत्तीच्या रकमेतून तपासणीचे टेबल घेऊन दिले आणि पुढे स्वतःला पक्षाघात झाल्यावर त्याच टेबलावर उपचार घेऊन ते पुन्हा चालू लागले. सभागृहातील लादी घसरते हे लक्षात येताच गणेशोत्सवातील आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी शिलकी वर्गणीतून खडबडीत फरशी बसवून घेतली. ज्या दांडिया बाजारात प्रा. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लविद्येच्या जोडीने हाडे-सांधे सावरण्याची विद्या जोपासली, तेथेच हे केंद्र चालते याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे.

केंद्रात येणाऱ्या ज्येष्ठांच्या तोंडी अलीकडे एकच तक्रार वारंवार असते : ‘चक्कर येते.’ परंतु या एका शब्दामागे कोणाचे घर गरगर फिरत असते, कोणाचे पाय जमिनीवर ठरत नसतात, तर कोणाला उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येत असते. या प्रत्येकाचे कारण निराळे आणि उपचारही निराळा. कुशीवर वळताच खोली फिरत असेल, तर बहुधा अंतःकर्णातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात. डिक्स-हॉलपाइक चाचणीत डोके एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन मागे निजवले की काही क्षणांत डोळ्यांची विशिष्ट थरथर दिसते, आणि मग एप्ली पद्धतीने डोके क्रमाक्रमाने फिरवून ते कण नलिकेबाहेर काढता येतात. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरत असेल, तर मात्र तपासाची दिशाच वेगळी. तोल हा डोळे, अंतःकर्ण आणि स्नायू-सांध्यांची जाणीव या तिघांच्या भरवशावर असतो. म्हणून मधुमेहाने तळपायांची जाणीव बोथटलेली व्यक्ती डोळे मिटताच डोलू लागते. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णाचे पाय दारातून जाताना किंवा वळताना जागीच खिळतात, आणि त्याच्याकडून ‘चक्कर’ म्हणून सांगितले जाते ते कधीकधी हेच असते.

आपल्या पंगतीत वर्षानुवर्षे वाढणाऱ्या एका मावशी, उशीवर डोके टेकताच घर फिरते म्हणून, आठ महिने खुर्चीत बसून झोपत होत्या. गोळ्या चालू होत्या, पण त्यांना निजवून कोणी पाहिले नव्हते. केंद्रातील आपल्या ताईंनी पाहिले, आणि दुसऱ्या उपचारानंतर मावशी पलंगावर झोपल्या.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसण्याचा वेळ मोजणे, तोल मोजणाऱ्या बर्ग मापनाच्या १४ कृती करवून ५६ पैकी गुण देणे, फोमच्या गादीवर डोळे उघडे ठेवून व मिटून उभे करणे, या साऱ्यास पाऊण तास सहज लागतो; गर्दीच्या दवाखान्यात तो मिळत नाही, आपल्याकडे मिळू शकतो. नजर एखाद्या वस्तूवर स्थिरावली की अंतःकर्णाच्या दोषाने होणारी थरथर दबते, म्हणून अंधारात डोळे टिपणारा इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा चष्मा आवश्यक आहे, आणि खर्चाचा मोठा भाग त्याचाच आहे.

या तपासणी कक्षासाठीच गेल्या वर्षी प्रत्येक सभासदाच्या घरी पत्र धाडले होते. उत्तरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. मंडळाच्या नाट्यप्रयोगाच्या प्रवेशिका दोन दिवसांत संपतात. पण ज्या घरांतील आजोबा याच केंद्रात काठीशिवाय चालू लागले, त्यांपैकीही काहींनी साधी पोच दिली नाही, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

एकूण ₹३,६०,००० लागतील, पैकी ₹१,१०,००० कार्यकारिणीने जमविले आहेत, उर्वरित रक्कम दिवाळीपूर्वी हवी. धनादेश मंडळाच्या नावे, रोख कार्यालयात सायं. ६ ते ८ (सोमवार बंद), पावती तत्काळ. तसेच मंगळवार व शुक्रवारी सकाळी चाचणीच्या वेळी रुग्णाला आधार देण्यास चार सशक्त स्वयंसेवक हवेत. त्यांना आधी शिकविले जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कार्यवाह

ता. क. : तपासणीस येताना रोजचीच पादत्राणे घालावीत, चष्मा व चालू औषधांची यादी आणावी, आणि घरातील एकाने सोबत यावे. चक्कर अचानक सुरू होऊन बोलणे अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर केंद्रात न येता तत्काळ रुग्णालय गाठावे.