अटाकामाला दोनच ओळी?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत चिलीवर लेख आला, छान वाटलं, पण सगळी जागा दक्षिणेकडच्या पॅटागोनियाच्या बर्फाला दिली आणि उत्तरेकडचं अटाकामा वाळवंट दोन ओळीत उरकलं, हे काही बरोबर नाही. अहो, पूर्वेला अँडीज पर्वत ढग अडवतो, पश्चिमेला समुद्रातला हम्बोल्ट नावाचा गार प्रवाह हवा वर चढूच देत नाही, म्हणून समुद्र शेजारी असून पाऊस जवळपास नाहीच! नुसतं धुकं येतं, कामांचाका म्हणतात त्याला, आणि तिथले लोक डोंगरावर जाळ्या बांधून त्यातलं पाणी गोळा करतात, मला तर हे फार भारी वाटतं. देश साधारण ४,३०० किमी लांब, वरती वाळवंट, मधे द्राक्षाचे मळे, खाली हिमनद्या. पुढच्या वेळी नकाशा तरी छापा प्लीज, घरातली मुलं वाचतात.

आपला नेहमीचा वाचक, सातारा