सह्याद्रीच्या ‘दर्या’ आणि एक दुरुस्ती

महोदय,

आपल्या सोमवारच्या अंकात पाचव्या पानावर, अगदी तळाला, ‘विद्यार्थ्यांचा मोफत सॉफ्टवेअर उत्सव’ अशी चार ओळींची बातमी आहे. त्या उत्सवात मी शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत होतो. चार ओळी का होईना, छापल्यात याबद्दल आभार. पण त्यातला ‘मोफत’ हा शब्द चुकला आहे, आणि तो चुकल्यामुळे बातमीच चुकली आहे. इंग्रजीतल्या ‘फ्री’चे फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ होतात, म्हणून तिकडची मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी चाळीस वर्षे खुलासे करत बसली आहेत. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन सरळ शब्द असताना आपण नेमका नको तो उचलला.

मी सांगलीत २७ वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावून देण्याचे, दुकान चालवले. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणेश मंडळांची पावतीपुस्तके आणि वर्षाकाठी दोन-तीन हौशी लेखकांची पुस्तके. मराठी फाँटचे पॅकेज घेतले तेव्हा त्याच्याबरोबर एक डोंगल मिळाला होता. तो संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावला, तरच मराठी उमटायचे. एका वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि डोंगल गेला. कंपनीला फोन केला (नाव घेत नाही), तर उत्तर आले, ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या. नवी घेतली, तर तिच्यात जुन्या फायली सरळ दिसेनात. जोडाक्षर न् जोडाक्षर तपासून लावलेला मजकूर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबांची भेळ होऊन बसला.

त्या भेळेत एका मास्तरांचे पुस्तक होते. शिराळा तालुक्यात नोकरी केलेले, सुट्टीत चांदोलीच्या बाजूचे डोंगर पायी फिरणारे गृहस्थ. १४० पाने लावून झाली होती, प्रुफे दोनदा वाचून झाली होती आणि छपाईआधी मास्तर गेले. पुढे त्यांचा मुलगा दर दोन-तीन वर्षांनी दुकानात येऊन विचारायचा, “काही झालं का हो?” मी चहा मागवायचो.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. तिच्या गटाने ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ ठेवला होता. हा दिवस २००४ पासून जगभर पाळतात, हल्ली सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी. मास्तरांच्या पुस्तकाची फाइल मी एका सीडीवर जपून ठेवली होती. “काका, तुमची ती सीडी घेऊन या,” असे तिने जिन्यातच बजावले. गेलो. बाक जोडून केलेली टेबले, जिकडेतिकडे एक्स्टेन्शनच्या वायरी, दाराशी पुठ्ठ्याचा पेंग्विन. एका टेबलावर लोकांच्या जुन्या, रखडत चालणाऱ्या लॅपटॉपांवर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम (तिचेच चिन्ह तो पेंग्विन) टाकून देत होते. भिंतीवरचा एक तक्ता मी दोनदा वाचला. ज्याच्यावर आपण सिनेमे बघतो ते नारिंगी शंकूवाले व्हीएलसी पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाले. फोटो साफ करायचे गिंप बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केले. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिहायला घेतला, तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता आणि २१ वर्षांचा होता. म्हणजे या पोरांसाठी हे घरचेच कार्य.

माझी फाइल पेजमेकरची, म्हणजे पाने लावायच्या जुन्या प्रोग्रामची. ती लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये उघडते हे मला त्या दिवशी कळले. मांडणी विस्कटली, पण मजकूर आला, अर्थात भेळेच्याच रूपात. आमच्या जुन्या फाँटांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. काना वेगळा, अर्धा ‘श’ वेगळा, वेलांटी वेगळी, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेल्या जागा देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला १९९१ पासूनच स्वतःच्या जागा आहेत, पण आम्ही डीटीपीवाले त्या वाटेला फार उशिरा गेलो. एका जागेचा तुकडा उचलून दुसऱ्या जागेवर ठेवला की झाले, असे त्या मुलांना वाटत होते. त्यांनी तसा एक छोटा प्रोग्राम लिहूनही ठेवला होता. पण आम्ही पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप करायचो, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफार आम्ही शेवटी द्यायचो, तिथे ‘र’ आधी येतो. ‘कार्यकर्त्यांनी’ हा एकच शब्द सरळ करण्यात पाऊण तास गेला. मला मात्र फार वर्षांनी कामावर बसल्यासारखे वाटत होते.

दुपारी तीनच्या सुमारास पहिले पान स्वच्छ मराठीत उमटले. टाळ्या वाजल्या. मी चष्मा चढवून वाचू लागलो, तर मास्तर ‘सह्याद्रीच्या दर्या’ पालथ्या घालत होते! ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला होता. इंग्रजी माध्यमातल्या त्या मुलांना फरक दिसेना. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरांमधली खोलगट जागा, आणि मग ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाडी’, ‘पायऱ्या’ असा पाढाच दिला. त्या मुलीने प्रोग्राम उघडला, मी दाखवलेल्या तुकड्यासाठी एक ओळ वाढवली, पुन्हा चालवला. दहा मिनिटांत १४० पानांतल्या सगळ्या दऱ्या जागेवर आल्या. रात्री तिने तो प्रोग्राम, कोणीही वापरा-बदला अशा परवान्यासकट, इंटरनेटवर ठेवला. आता ज्याला हवा त्याने घ्यावा, आणखी चूक सापडली तर सुधारावी.

आता तुमच्या शब्दाकडे येतो. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे मोफत कन्व्हर्टर मी आधीही वापरून पाहिले होते. एक पैसा पडला नव्हता. त्यातल्या एकातही ‘दर्या’च झाला होता, पण ते बंद डबे होते, आत काय चालते ते दिसत नव्हते आणि सांगायचे कोणाला हेही कळत नव्हते. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या ज्या चळवळीची सुरुवात केली तिचे मागणे एवढेच आहे, की सॉफ्टवेअर हवे त्या कामाला वापरता यावे, उघडून बघता आणि बदलता यावे, त्याच्या प्रती वाटता याव्यात आणि केलेली दुरुस्तीही वाटता यावी. पैसे घेऊ नका असे त्यात कुठेच नाही. त्या मुलीने उद्या हाच प्रोग्राम सीडीवर घालून पन्नास रुपयांना विकला, तरी तो मुक्तच राहील.

तेव्हा दुरुस्ती छापावी, शक्य तर पाचव्या पानावरच आणि थोडी वरच्या अंगाला.

आणि राग मानणार नसाल तर एक विचारतो. आपल्या दैनिकाची १९९० नंतरची पाने आमच्यासारखीच जुन्या फाँटांत लागत असणार. त्या फायली आज आपल्याकडे उघडतात का? नसतील, तर अशा किती सीडी कपाटात आहेत तेवढे मोजून कळवा. पुढच्या सप्टेंबरात किती टेबले मांडायची, हे मुलांना आत्ताच सांगून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त डीटीपीवाला, सांगली