मुलाचा डोळा पुढे आला तर गणपतीपर्यंत थांबू नका

महोदय,

देवगडला माझं चष्म्याचं दुकान आहे. श्रावणात एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. चष्मा डाव्या बाजूला टेकतो, जरा सैल करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. फ्रेम तपासली तर सरळ होती. डाव्या काचेवर मात्र आतून पापणीच्या केसांचे तेलकट ओरखडे उमटले होते. मुलाला खुर्चीत बसवलं, मागे उभा राहून त्याचं डोकं थोडं मागे कलवलं आणि कपाळावरून खाली पाहिलं. डावा डोळा उजव्यापेक्षा चांगलाच पुढे आला होता, थोडा खालीही सरकला होता. दुखणं नाही, ताप नाही. क्रिकेटचा बॉल लागल्याची सूज, असं घरचे धरून चालले होते. एका दवाखान्यात इन्फेक्शन म्हणून थेंब आणि गोळ्या झाल्या होत्या. पुढचं गणपतीनंतर बघायचं ठरलं होतं.

मुंबईत एमआरआय आणि बायोप्सी झाली. निदान: डोळ्याच्या खोबणीतला रॅब्डोमायोसारकोमा, हा कॅन्सरचा एक प्रकार. आजार दुर्मीळ, पण लहान मुलांच्या खोबणीत सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच जास्त आढळतो, बहुधा दहाच्या आतल्या वयात. तो काही दिवसांत, आठवड्यांत वाढतो, म्हणून सूज किंवा मार वाटतो. पूर्वी डोळ्यासकट सगळी खोबण काढून टाकत. आता केमोथेरपी आणि रेडिएशनने बहुतेकदा डोळा राखता येतो, आणि गाठ खोबणीतच असताना उपचार मिळाले तर दहांतली नऊ मुलं वाचतात. या मुलाची केमो चालू आहे.

पुढे आलेला प्रत्येक डोळा कॅन्सरचा नसतो. जन्मजात साधी गाठ असते, रक्तवाहिन्यांची असते, सायनसमधून पसरलेलं इन्फेक्शनही असतं. पण ते स्कॅन केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

या मुलाला चष्मा लावून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत होती. नुसती अक्षरं वाचून घेणाऱ्या तपासणीत तो पास झाला असता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळाशाळांत जातातच. त्यांनी प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे असे कपाळावरून बघावेत, अर्धं मिनिटही लागत नाही. फरक दिसला तर जुना फोटो मागवून ताडून पाहावा आणि मुलाला त्याच आठवड्यात स्कॅनला पाठवावं. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तसं लेखी परिपत्रक काढावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

— एक चष्मेविक्रेता, देवगड, जि. सिंधुदुर्ग