आवाहन: बाजारातल्या मांजरांसाठी मदत द्या, गुरांचं औषध मात्र नको

सावंतवाडी बाजार आणि आसपासच्या वाड्यांतले रहिवासी, दुकानदार आणि मासळीवाल्या भगिनी, सर्वांना नमस्कार.

थंडी ओसरली की गोचिडी वाढतात. म्हणून शिमग्याच्या आत मासळी बाजार, भाजी मंडई आणि मोती तलावाच्या काठच्या मांजरांना मानेवर गोचिडीच्या औषधाचे थेंब घालायचे, असं आमच्या प्राणिमित्र मंडळाने ठरवलं आहे. त्यासाठी पैसे हवेत आणि माणसंही हवीत. पण आधी एक विनंती, आणि आमच्या लेखी ती देणगीहून मोठी आहे: गुरांचं किंवा कुत्र्यांचं गोचिडीचं औषध मांजराला लावू नका.

गोठ्यात फवारून उरलेलं औषध 'हिलाही लावूया थोडं' म्हणून भाटीच्या (मांजरीच्या) मानेवर चोळलं जातं. हेतू चांगलाच असतो. पण त्या औषधात बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं, कुत्र्यांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं, आणि हे विष पचवायची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी. काही तासांत कान फडफडू लागतात, लाळ गळते, अंग थरथरतं, मग झटके येतात. असं दिसलं तर उद्याची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या आणि औषधाची बाटली सोबत ठेवा. अमिट्राझ हे गोचिडीचं दुसरं औषधही मांजराला नकोच. रॉकेल, तंबाखूचं पाणी, पेटती उदबत्ती यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

गोचिडीमुळे होणारे रक्ताचे आजार कुत्र्यांत सर्रास दिसतात, मांजरांत कमी. मात्र मांजर दुखणं लपवतं. जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडत असतात आणि ते आपलं फळीखाली जाऊन बसतं. खाणं सुटलं, ताप वाटला, तर ओठ वर करून हिरड्या बघा. त्या पांढुरक्या किंवा पिवळसर दिसल्या तर रक्त तपासून घ्यायलाच हवं. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली, तर ती कोरडी गिळवू नका. अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते. गोळीमागोमाग सिरिंजने थोडं पाणी पाजा.

मांजर अंग चाटून बऱ्याच गोचिडी स्वतःच काढतं. उरतात त्या जीभ न पोचणाऱ्या जागी, म्हणजे कानात, हनुवटीखाली आणि मानेवर. दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका.

देणगीतला मोठा हिस्सा कुत्र्यांवर खर्च होणार आहे, हे आधीच सांगतो. 'पैसे मांजरांचे नि औषध कुत्र्यांना?' असं कुणी विचारेलच. बाजारातली तपकिरी गोचीड मुळात कुत्र्यांवर पोसते. पोट भरलं की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. कुत्रे सोडून नुसत्या मांजरांना थेंब घातले, तर पुढच्या महिन्यात परत तेच. दुकानदारांनी ओट्याखालच्या फटी सिमेंटने बुजवल्या, तर आमचं निम्मं काम होईल.

आणखी एक. माकडतापाच्या धास्तीने काही जण मांजरं हाकलू लागलेत. २०१६ पासून दोडामार्ग आणि बांदा भागाने हा आजार सोसला आहे, त्यामुळे भीती समजते. पण तो पसरवणारी गोचीड जंगलातली, वेगळ्या जातीची. काजूच्या बागेत जाताना अंगभर कपडे घाला, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. बाजारातलं मांजर हाकलून माकडताप टळत नाही.

मांजरांसाठीच्या थेंबांची एक नळी साधारण दोन-तीनशे रुपयांना पडते आणि तिचा असर जेमतेम महिनाभर टिकतो. निदान पावसाळा संपेपर्यंत दर महिन्याला घालावे लागतील, म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा एका मांजराचा खर्च उचललात तर आम्हाला सोयीचं. जुने टॉवेल आणि झाकणाच्या टोपल्याही चालतील. एकाने टॉवेलात गुंडाळून धरायचं, दुसऱ्याने मानेवरचे केस बाजूला करून कातडीवर थेंब सोडायचे, अशी जोडी लागते. ओरबाडून घ्यायची तयारी असलेल्या तरुणांनी जरूर यावं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन. ओरखडा किंवा चावा बसलाच तर साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठायचा. रेबीजची लस टाळायची नाही.

खात्याचा तपशील मंडळाच्या फलकावर लावला आहे. रोख दिलीत तर पावती मागून घ्या. गाभण भाटी किंवा लहान पिल्लं कुठे आहेत तेही कळवा, त्यांना थेंब डॉक्टरांना विचारूनच घालणार आहोत.

आपले,
प्राणिमित्र मंडळाचे कार्यकर्ते