मिशनच्या स्लॅबवर पाणी कोण मारणार?

महोदय,

चर्चच्या मिशनतर्फे परदेशी बांधकामाला जाणाऱ्या स्वयंसेवकांचा सगळा उत्साह भिंत चढवण्यात असतो. खरी गरज पाणी मारणाऱ्याची असते. काँक्रीट किमान 7 दिवस ओले राहायला हवे; तुकडी मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत परत निघते आणि हौसेने शेवटच्या दिवशीच स्लॅब टाकते. मागे गोणपाट भिजवायला कोणी नसले की वरचा थर भराभर सुकतो, तडे जातात. म्हणून स्लॅब पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकावा, नाहीतर तो स्थानिक गवंड्यावर सोपवून भिंतींपुरतेच काम घ्यावे.

दुसरी नेहमीची चूक कालवतानाची. फावडे जड चालते म्हणून नवखे हात बादली ओततच राहतात. काँक्रीटसाठी सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पाणी पुरे. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. सिमेंटचे ब्लॉक विटांसारखे भिजत घालू नयेत. ते सुकताना आकसतात आणि भिंतीला चीर पडते. सांधा 10 मिलिमीटरचा, भिंत दिवसाला फार तर सव्वा-दीड मीटर. त्यापुढे गेले की खालच्या सांध्यांतला ओला मसाला दबतो आणि भिंत ओळंब्यातून, म्हणजे सरळ उभेपणा तपासायच्या वजनाच्या दोरीच्या रेषेतून, जाते.

व्हिसाही आधी तपासावा. पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा अनेक देशांत चालत नाही. आणि ओळंबा गवंड्याच्याच हाती राहू द्यावा, त्याची मजुरी तुकडीच्या खर्चात आधीच धरून.

– एक वाचक