शेवंतीचा पाय हळूच खाली ठेवणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शिंगरू आज ३४ दिवसांचं झालं. एवढ्या दिवसांत हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. डोळे भरून आले की पुढचं अक्षर दिसत नाही. म्हणून आज त्या ठिकाणापासूनच सुरुवात करते.

तुम्ही पहिल्यांदा तबेल्यात आलात तो दिवस. माझी घोडी शेवंती कोपऱ्यात उभी होती, पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन. तुम्ही तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिलात. मग उजवा पुढचा पाय उचललात, तळवा पाहिलात, चिमट्यानं खूर दाबून कुठं दुखतंय ते शोधलंत. पाहून झालं, तरी पाय हातातून सोडला नाहीत. मला म्हणालात, "एखादं पोतं दुमडून द्या." मी पोतं टाकलं. तुम्ही गुडघ्यावर बसलात, आपला तळहात खुराखाली धरलात आणि पाय हळूहळू खाली आणलात. खूर पोत्याला टेकला तरी हात तिथंच होता. तिनं भार टाकायला सुरुवात केली तेव्हा कुठे एकेक बोट बाहेर काढलंत. शेवंतीनं नाकपुड्या फुलवून लांब श्वास सोडला. तसा श्वास मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

तुम्हाला हे कदाचित आठवणारही नाही. हाताला सवयच असेल. पण त्याआधी चार जणांनी तिचे पाय उचलले होते, आणि चौघांनीही बघून झाल्यावर खाडकन सोडून दिले होते. दर वेळी ती खांद्यापासून थरथरायची. लॅमिनायटिस हा शब्द मला त्यांच्याकडूनच कळला. खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवते ती नाजूक पापुद्र्यांच्या जोरावर, ते पापुद्रे सुजतात, सुटू लागतात, आणि एवढं वजनदार जनावर त्यांच्याच आधारावर तोललेलं असतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. तोंडपाठ असूनही पाय आपटू द्यायचे.

दोन वर्षं मी एकच वाक्य ऐकत होते, "वय झालं आता तिचं." उन्हाळा तापला तरी अंगावरचे केस झडेनात, लांब आणि कुरळे होऊन पोटाखाली लोंबायला लागले, वय झालं. पाठीवरचं मांस उतरलं, पोट सुटलं, वय झालं. रात्रीतून बादल्यामागून बादल्या पाणी संपायचं आणि सकाळी खालचं गवत चिंब भिजलेलं असायचं. त्यावर एकानं सांगितलं, "पाणी कमी ठेवा, मुतणं आपोआप कमी होईल." मी दोन दिवस तसं केलं, डॉक्टर. तहानलेली शेवंती रिकामी बादली चाटत होती. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढे माजाचं चक्र बिघडलं, दोन हंगाम गाभण राहिली नाही, तेव्हा शेवटचा निकाल लागला, "भाकड झाली, काढून टाका." तेव्हा ती १६ वर्षांची होती. तोवर तिनं तीन शिंगरं वाढवली होती आणि मला एकदाही पाठीवरून पाडलं नव्हतं.

मी त्या प्रत्येकाला केसांपासून सांगायला सुरुवात करायची, आणि प्रत्येक जण पाण्यापर्यंत यायच्या आत मला तोडायचा. तुम्ही वही काढलीत. केस पहिल्यांदा कधी झडले नाहीत, पाणी कधीपासून वाढलं, पाय आधी धरले की माज आधी बिघडला, एकेक लिहून घेतलंत आणि मग म्हणालात, "तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत." दोन वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

शेवंतीच्या या आजाराबद्दल, कुशिंगबद्दल, तुम्ही जे समजावलंत ते मी आता दुसऱ्यांना तुमच्याच शब्दांत सांगते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. तिच्या मधल्या भागाला डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम असतो. उतारवयात तो लगाम धरणाऱ्या मज्जापेशी झिजतात, ग्रंथी मोकाट सुटते आणि एसीटीएचसारखी संप्रेरकं गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्तात सोडत राहते. पंधरा वर्षांपुढच्या साधारण पाच घोड्यांत एकाला हे होतं. एवढा नेहमीचा आजार, आणि चौघांपैकी एकालाही रक्त तपासावंसं वाटलं नाही! तुम्ही रक्ताची नळी बर्फात ठेवून नेलीत, आणि अहवाल आल्यावर आकड्याआधी महिना पाहिलात, कारण शरदात निरोगी घोड्याचंही एसीटीएच वाढतं. मग पर्गोलाइड सुरू झालं. माणसांच्या कंपवातासाठी निघालेलं औषध माझ्या घोडीला पुन्हा चालतं करील हे मला खरंच वाटलं नव्हतं. आजार जाणार नाही, गोळी जन्मभराची, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत. खोटा धीर दिला नाहीत याचे वेगळे आभार.

शिंगराचा विषय मी काढला तेव्हा तुम्ही विचारलंत, "शिंगरू कुणाला हवंय? तिला की तुम्हाला?" आणि उत्तरासाठी थांबलात. मी खरं ते सांगितलं, मला. तिची चाल, तिचा स्वभाव पुढे कुठंतरी राहावा असं मला वाटत होतं. तुम्ही मला नावं ठेवली नाहीत. आधी पाय, मग बाकीचं, एवढंच म्हणालात. तिचा गर्भ दुसऱ्या घोडीत वाढवता येईल, तोही मार्ग समोर ठेवलात. एक अख्खा हंगाम आपण काहीच केलं नाही. गवत पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवायची, चंदी बंद, खूर वेळच्या वेळी तासायचे, केस कातरायचे, एवढंच. त्या वर्षात तिचे केस वेळेवर झडले. खरारा करताना हाताला तुळतुळीत पाठ लागली तेव्हा मी तिच्या मानेला मिठी मारून रडले. पुढच्या हंगामात पाय पक्के, आकडा हद्दीत, माज नियमित. तुम्ही हो म्हणालात तेव्हाच पुढचं पाऊल टाकलं.

गाभणपणाचे ते अकरा महिने कसे गेले ते तुम्हाला माहीतच आहे, माझे सगळे फोन तुम्हीच घेतलेत. सगळ्यात जास्त भीती शेवटच्या महिन्याची होती. पर्गोलाइड डोपामिनचं काम करतं, आणि डोपामिन दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनला दाबतं. गोळी चालू ठेवावी तर कास कोरडी राहण्याची भीती, थांबवावी तर पाय पुन्हा धरण्याची. तुम्ही विण्याच्या महिनाभर आधी गोळी थांबवलीत आणि रोज संध्याकाळी तिच्या खुरांची ऊब आणि पायाची नाडी मला तपासायला लावलीत. शिवाय दूध आलंच नाही तर काय, याची सोय आधीच करून ठेवलीत. ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्यांनी आपल्या निरोगी घोडीचा चीक गोठवून दिला. त्यांनाही माझा नमस्कार पोचवा.

३४३ व्या दिवशी पहाटेच्या आधी शेवंती व्याली. शिंगरू तासाच्या आत उभं राहिलं, लटपटत कासेपाशी गेलं, पण कासेत पुरेसा चीक नव्हता. शिंगराला आईच्या पोटातून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि ती आतड्यातून रक्तात उतरायची वाट पहिल्या काही तासांतच मिटत जाते. तुम्ही सांगून ठेवलं होतं तसा तो चीक कोमट पाण्यात हळूहळू वितळवला आणि बाटलीनं पाजला. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत रक्तातली प्रतिपिंडं ८०० च्या वर, म्हणजे पुरेशी, निघाली.

उजाडता उजाडता तुम्ही आलात. आम्ही सगळे शिंगराभोवती होतो. त्याच्या खुरांच्या टोकांना अजून ती मऊ, पिवळसर झालर होती, आईच्या पोटाला इजा होऊ नये म्हणून असते ती. तुम्ही मात्र सरळ शेवंतीकडे गेलात. वार पूर्ण पडली का ते पाहिलंत, मग खाली बसून दोन्ही पुढच्या पायांची नाडी पाहिलीत, उजवा पाय उचललात, आणि पुन्हा तसाच, तळहात खाली घेऊन, ठेवलात. पोतं मी न सांगता आणलं होतं.

माझ्या आईच्या शेवटच्या आजारात एक परिचारिका होती. सुई काढून झाली की आईचा हात उचलून उशीवर नीट ठेवायची, पदर सारखा करायची आणि मग पुढच्या खाटेकडे जायची. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. आईला तेव्हा बोलता येत नव्हतं, शेवंतीलाही येत नाही. ज्यांना तक्रार करता येत नाही त्यांच्याशी कुणी असं वागलं की मला वाटतं, हे जग अगदीच बिघडलेलं नाही. अशी माणसं संख्येनं कमी नसावीत, त्यांच्याबद्दल लिहिलं कमी जातं. तिच्याबद्दल मी लिहिलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

गोळी तुमच्या सल्ल्यानं पुन्हा सुरू झाली आहे. शिंगराला वरचं दूध मिळतंय आणि आईची कास ते सोडत नाही. शेवंतीचे पाय शांत आहेत, काल ती कुंपणापर्यंत दुडक्या चालीनं गेली आणि शिंगरू मागे धावलं.

उद्या नालबंद येणार आहे, शिंगराचे खूर पहिल्यांदा पाहायला. पोतं धुऊन वाळत घातलंय. पाय खाली कसा ठेवायचा ते त्याला मी आधी शेवंतीच्या पायावर दाखवणार आहे.

तुमची कायमची ऋणी,
शेवंतीची मालकीण